शस्त्रक्रियेच्या यादीबाहेरची माणसे

‘वाचकांचे प्रश्न’ या सदरासाठी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी इंदूरच्या पाच पत्रांचा विषय एकच आहे. वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीने दृष्टिबाधित माणसाला नेमकी कोणती मदत करावी आणि ती करायला तिला कोणी शिकवावे, असे या वाचकांनी विचारले आहे. अंध व्यक्तींना स्वतंत्रपणे वावरायला शिकवणे हेच माझे काम असल्याने संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर पत्रांतील अडचणींचे मूळही बरेचसे तिथेच आहे.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने आसपासच्या वस्त्यांतील पंचवीस आशा कार्यकर्त्यांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण ठरवले आहे. एका नेत्रतज्ज्ञांचे व्याख्यान आणि डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा प्रयोग एवढे निश्चित झाले आहे. उरलेल्या वेळात काय घ्यावे?
— कार्यवाह, रामबाग, इंदूर

उत्तर : नेत्रतज्ज्ञांचे व्याख्यान अवश्य ठेवावे, परंतु ते तासाभराचे असावे आणि प्रशिक्षणाची सुरुवात त्याने करू नये. मोतीबिंदू आशा कार्यकर्तीला नवा नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, २००५ नंतर त्याला आशांची जोड मिळाली, आणि रुग्ण शोधणे, त्याला रुग्णालयात नेणे, शस्त्रक्रियेनंतर घरी पोचवणे ही साखळी आज बऱ्याच अंशी पक्की झाली आहे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले, तेव्हा या कामाला अग्रक्रम मिळाला हे योग्यच झाले.

मला काळजी वाटते ती उरलेल्या तिसऱ्या हिश्शाची. काचबिंदूने, मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब झाल्याने किंवा बुबुळावर फूल पडल्याने ज्यांची नजर गेली, त्यांना एके दिवशी ‘आता यात काही करण्यासारखे नाही’ असे सांगितले जाते, आणि त्या दिवसापासून आरोग्यव्यवस्थेच्या लेखी त्यांचा डोळ्यांचा विषय संपतो. घरच्यांच्या लेखीही बहुधा तो संपतो. आजोबांना मग खाटेवरून उठू दिले जात नाही, चहाचा कप हातात दिला जातो, अंघोळ दुसरे कोणी घालते, आणि दोन वर्षांत त्यांचे गुडघेही आखडतात. नजर गेल्याने जेवढे गमवावे लागते त्याहून अधिक अशा सांभाळण्याने गमावलेले मी पाहिले आहे. तुमच्या दोन दिवसांचा मुख्य भाग या माणसासाठी असावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पट्टीच्या प्रयोगाविषयी माझे मत थोडे कडक आहे. डोळस माणसाला पाच मिनिटे पट्टी बांधली की त्याला नजर गेल्याच्या पहिल्या दिवसाची भीती कळते; दहा वर्षे अंधत्वासह घर चालवणाऱ्या बाईचे कौशल्य त्यातून कळत नाही. पट्टी सोडताच ‘बिचारे कसे जगत असतील’ असा सुस्कारा निघतो, आणि ही दया घेऊन आशा वस्तीत गेली तर घरच्यांचीच चूक ती आणखी घट्ट करील. पट्टी ठेवायचीच असेल तर हात धरून नेण्याची पद्धत शिकवण्यापुरती ठेवा, आणि ती पद्धत शिकवायला दृष्टिबाधित प्रशिक्षकच बोलवा. शक्य असल्यास दोघे असावेत, एक जन्मापासून अंध आणि एक मोठेपणी नजर गमावलेला, कारण दोघांच्या सवयी आणि अडचणी फार वेगळ्या असतात.

ही पद्धत सोपी आहे, तरी सरावाशिवाय अंगवळणी पडत नाही. अंध माणसाचा हात आपण धरायचा नसतो, त्याने आपला धरायचा असतो. आपल्या हाताची पाठ त्याच्या हाताच्या पाठीला हलकेच लावली की तो आपला दंड कोपराच्या जरा वर धरतो आणि अर्धे पाऊल मागे राहून चालतो, त्यामुळे आपण वळलो, थांबलो किंवा पायरी उतरलो की ते त्याला आपल्या शरीराच्या हालचालीवरूनच समजते. अरुंद बोळात आपला हात पाठीमागे न्यावा, म्हणजे तो आपोआप आपल्या मागे येतो. जिन्यापाशी थांबून चढण आहे की उतरण ते सांगावे. खुर्चीवर बसवताना खांदे दाबू नयेत, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवावा; रिक्षात बसताना हात छताच्या कडेला लावून द्यावा, म्हणजे डोके आपटत नाही. पांढरी काठी मात्र कधीही ओढू नये, कारण ती त्याच्या हाताचाच वाढवलेला भाग असते. ती चालवायला शिकवणे हे आशाचे काम नव्हे, त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक हवा; मात्र काठीची उंची साधारण छातीच्या मध्यापर्यंत असावी आणि तिचे टोक खांद्यांच्या रुंदीइतके डावी-उजवीकडे फिरावे, एवढे तिला ठाऊक असले तर कोणाला शिक्षकाकडे पाठवायचे ते ती ओळखू शकते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आशाने घरात शिरताच आपले नाव सांगावे आणि निघताना ‘मी निघते’ असे म्हणावे, नाहीतर माणूस रिकाम्या खोलीशी बोलत राहतो. ‘इकडे’, ‘तिकडे’ या शब्दांऐवजी ‘तुमच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर’ असे सांगावे. प्रश्न त्याच्याविषयी असेल तर तो त्यालाच विचारावा, सुनेला नव्हे. आपल्या भागात अंध पुरुषाला ‘सूरदासजी’ म्हणण्याची पद्धत आहे. ती आदराने म्हटलेली असली तरी माणसाचे नाव त्यात पुसले जाते, तेव्हा नावानेच हाक मारायला शिकवा. हे सर्व हिंदीतून शिकवावे लागेल, कारण बहुतेक आशांचे रोजचे बोलणे हिंदीत किंवा माळवीत असते. मंडळातल्या आपल्या भगिनींनी भूमिका वठवताना मराठीचा आग्रह धरू नये.

जेवणाच्या बाबतीत इंग्रजी पुस्तकांत ताट म्हणजे घड्याळ मानून बारा वाजता भात, तीन वाजता भाजी असे सांगण्याची रीत दिलेली असते. मराठी घरात त्याची गरज क्वचितच पडते. आपल्या ताटात मीठ वर मध्यभागी, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे, आणि तेच वाढप रोज न चुकता तसेच ठेवले तर सत्तर वर्षांच्या आजींना कोणी काही सांगावे लागत नाही. आशांनी इतर घरांतही हेच तत्त्व वापरावे : त्या घरात जी जागा ठरलेली असेल ती मोडू नये. दरवाजा पूर्ण उघडा असावा किंवा पूर्ण बंद, अर्धवट दाराची कड कपाळाला लागते. दिवाळीच्या साफसफाईत कपाट, माठ, पाट सगळे हलते, आणि वर्षभर घरात सहज वावरणारा माणूस त्या आठवड्यात पडतो; म्हणून आशाने दिवाळीआधीची एक भेट त्यासाठी राखावी आणि हलवलेली प्रत्येक वस्तू त्याच्या हाताला एकदा दाखवून देण्यास घरच्यांना सांगावे.

औषधांचे सत्र प्रत्यक्ष बाटल्या घेऊन करा. सकाळच्या औषधाला एक रबरबँड, रात्रीच्या औषधाला दोन, ही खूण स्वस्त आणि पक्की आहे, पण ती खूण त्या माणसाने स्वतः ठरवलेली असावी. डोळ्यांचे थेंब आणि झटपट चिकटणाऱ्या डिंकाची छोटी नळी कधीही एका खणात ठेवू नये. काचबिंदूचे थेंब नजर परत आणत नाहीत, पण उरलेली नजर टिकवण्यासाठी ते रोज घालावेच लागतात, आणि ‘उपयोग होत नाही’ म्हणून ते बंद करणारी अनेक माणसे आशाला भेटतील. दोन निरनिराळे थेंब असतील तर मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मधुमेह असलेल्या अंध व्यक्तीला आपल्या तळपायाची जखम दिसत नाही आणि पुष्कळदा जाणवतही नाही, म्हणून प्रत्येक भेटीत आशाने त्यांचे पाय पाहावेत.

अंध तरुणीच्या प्रकृतीविषयी, गरोदरपणाविषयी किंवा पाळीविषयी तिच्याशी एकांतात बोलावे, हे आशांना मुद्दाम सांगावे लागते. माता आणि बाल संरक्षण कार्ड छापील असते. ते तिला पूर्ण वाचून दाखवावे आणि पुढच्या तपासणीची तारीख तिच्या फोनवर तिच्या समोर बोलून ठेवावी. आई होणारी तीच आहे, आणि सासूला दिलेली माहिती तिला मिळालीच असेल असे धरून चालता येत नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार सभागृहात घालवू नका. दोन-दोन आशांनी संमती घेऊन एकेका दृष्टिबाधित व्यक्तीसह तिच्या घरापासून दवाखान्यापर्यंत चालून यावे, आणि वाटेत काय चुकले ते त्या व्यक्तीनेच सांगावे. महिन्याने सर्वांना पुन्हा अर्ध्या दिवसासाठी बोलवा. पहिल्या प्रशिक्षणातले किती टिकले ते तेव्हाच कळते.

प्रश्न : मी स्वतः आशा आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरताना धूसर दिसते का, वाचायला त्रास होतो का असे प्रश्न विचारते, पण ‘हो’ असे उत्तर आल्यावर कोणाला ताबडतोब पाठवावे आणि कोणाला सवडीने, हे मला ठरवता येत नाही.
— एक आशा कार्यकर्ती, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला. त्याच दिवशी पाठवायचे ते असे : नजर एकाएकी गेलेली किंवा एकाएकी कमी झालेली व्यक्ती, डोळ्यांपुढे अचानक ठिपके, चमक किंवा पडदा आल्यासारखे वाटणारी व्यक्ती, डोळा लाल, तीव्र दुखणारा, दिव्याभोवती वलये दिसणारा आणि सोबत उलट्या होणारा रुग्ण, आणि डोळ्यात चुना, आम्ल किंवा सिमेंट गेलेला. चुन्याच्या पुडीशी खेळणारी मुले आपल्या वस्त्यांत नेहमी दिसतात. तो डोळ्यात गेला तर आधी स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटे डोळ्यावर सोडावी आणि मगच दवाखान्याकडे निघावे. ज्या मुलाची बाहुली पांढरी चमकते, त्याच्यासाठीही थांबू नये, कारण ते डोळ्याच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते.

नवजात बाळाच्या बाबतीत तुमच्या हातात असे काही आहे जे दुसऱ्या कोणाच्या हातात नाही. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि बाळ फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. रुग्णालयात झालेल्या बाळंतपणानंतर तुमच्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. अठ्ठाविसाव्या दिवसाची वाट पाहू नका. सातव्या दिवशीच कागद पाहून डोळ्यांची तपासणी कधी आहे ते विचारा, आणि ठरलेली नसेल तर त्याच आठवड्यात ठरवून घ्या.

चाळिशीनंतर जवळचे न दिसणे, सावकाश वाढणारी धूसरता आणि मधुमेहींची वर्षातून एकदा व्हायची पडद्याची तपासणी ही ठरवून पाठवण्याची कामे आहेत. नजर तपासताना एकेक डोळा वेगळा तपासा आणि दुसरा डोळा तळहाताने न दाबता झाका. एका डोळ्याने पूर्ण न दिसणाऱ्या माणसाला ते वर्षानुवर्षे ठाऊक नसल्याचे मी पाहिले आहे. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले लालीचे थेंब कोणी महिनोन्‌महिने घालत असेल तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगा, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास त्यानेच काचबिंदू होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. गेले काही आठवडे त्यांना अंगणाच्या भिंतीवर रंगीत कपड्यांतली लहान मुले बसलेली दिसतात. त्या घाबरत नाहीत, पण घरात कुजबूज सुरू आहे. आमची आशा म्हणाली की कोणाला तरी दाखवून उतारा करा.
— एक सून, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : उतारा करू नका, आणि कुजबूजही थांबवा, कारण सासूबाईंना ती ऐकू येते. नजर बरीच गेलेल्या माणसांपैकी काहींना अशी चित्रे दिसतात : माणसे, मुले, फुले, नक्षी, कधी इमारती. डोळ्यांकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू स्वतःच दृश्ये निर्माण करतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अनुभवावरून याचे वर्णन केले, आणि आजही हा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात वेड नाही आणि बाधाही नाही. ही मुले बोलत नाहीत, त्यांचा स्पर्श होत नाही, आणि पाहणाऱ्याला ती खरी नाहीत हे बहुधा उमगते. खोलीत उजेड करणे, पापण्या काही वेळा मिटणे-उघडणे, नजर डावी-उजवीकडे फिरवणे याने चित्र पुष्कळदा नाहीसे होते. सासूबाईंच्या शेजारी बसून ‘आज किती मुले आली होती?’ असे मोकळेपणाने विचारा. त्यांनी हे आजवर मनात दडवून ठेवले नाही, हेच चांगले झाले. अनेक वृद्ध ‘लोक वेडी म्हणतील’ या भीतीने कोणालाच सांगत नाहीत.

पुढील भेटीत नेत्रतज्ज्ञांना हे अवश्य सांगा. आवाजही ऐकू येत असतील, बोलण्यात गोंधळ असेल, ताप असेल किंवा नुकतेच एखादे नवे औषध सुरू झाले असेल तर न थांबता डॉक्टरांना दाखवा, कारण तेव्हा कारण वेगळे असू शकते. आणखी एक काम तुमच्या यजमानांचे आणि नणंदांचे आहे : आईला काचबिंदू असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून चाळिशी आलेल्या प्रत्येकाने डोळ्यांचा दाब आणि आतली नस तपासून घ्यावी.

तुमच्या आशावर मी रागावणार नाही. तिला हे कोणी शिकवले नाही. रामबागच्या मंडळाने आपल्या दोन दिवसांत या विषयाला अर्धा तास द्यावा.

प्रश्न : माझा एक डोळा लहानपणीच गेला, दुसरा चांगला आहे. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगता लागते, आणि मोजमाप चष्म्यासह चांगल्या डोळ्याच्या नजरेला धरून होते. दुसरा डोळा नीट असेल तर एका डोळ्याच्या पूर्ण अंधत्वाला ३० टक्केच धरले जातात. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्यानंतरही ६/२४ (म्हणजे चांगल्या नजरेला चोवीस मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून कमी आहे त्यांनी मात्र दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करून वैद्यकीय मंडळाकडून तपासून घ्यावे. पेन्शनसाठी आपल्या मध्य प्रदेशात समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक, हाही लागतो. समोरचे स्पष्ट दिसूनही ज्यांना फक्त नळीतून पाहिल्यासारखे मधलेच दिसते, त्यांनीही अर्ज करावा, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असणे हीही अल्पदृष्टी मानली आहे. अशी माणसे सुईत दोरा ओवतात आणि दाराला धडकतात, म्हणून त्यांच्यावर ढोंगाचा आरोप होतो. हे आशांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी अंध असून बावीस वर्षे एकट्याने प्रवास करतो. आरोग्य कार्यकर्त्यांच्या तीन कार्यक्रमांत मला बोलावण्यात आले. तिन्ही ठिकाणी शाल, श्रीफळ मिळाले, एके ठिकाणी भजन म्हणण्याची विनंती झाली, आणि शिकवण्याचे काम डोळस वक्त्यांनी केले. पुन्हा बोलावले तर जावे का?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : जावे, पण सत्कारमूर्ती म्हणून जाऊ नये. तुमचे पत्र वाचून मला वाईट वाटले आणि थोडी लाजही वाटली, कारण अशा एका कार्यक्रमाच्या आखणीत पूर्वी मीही होते आणि तेव्हा मला त्यात काही खटकले नव्हते. निमंत्रण आले की तीन गोष्टी आधी विचारा : मला किती वेळ शिकवायचे आहे, नेत्रतज्ज्ञांना देता तेवढेच मानधन मला देणार का, आणि शिकणाऱ्या किती जणी असतील. पंचवीस जणींना दंड धरून चालण्याचा सराव एकट्याने देता येत नाही, आठ-दहा जणींमागे एक प्रशिक्षक हवा, तेव्हा सोबत आणखी कोणी हवे असल्यास तेही तुम्हीच सुचवा. काय शिकवायचे ते तुमच्याच दिवसातून काढा. सकाळी कचरागाडीचे गाणे कोणत्या बाजूने येते यावरून तुम्ही गल्ली ओळखता, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. आशांना त्याच गल्लीत उभे करून डोळे मिटून ऐकायला लावा आणि काय काय ऐकू आले ते विचारा. नोटा ओळखण्याचेही शिकवा, कारण शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांच्या लांबीत चार-चार मिलिमीटरचा फरक आहे आणि कडेला उठावाच्या रेघा आहेत, हे नव्याने नजर गेलेल्या माणसाला आशाने सांगितले तर तो दुकानात पुन्हा स्वतःचे पैसे स्वतः मोजू लागतो.

तुमच्या पत्रात तुम्ही दिलेल्या परवानगीनुसार ते रामबागच्या कार्यवाहांकडे पाठवले आहे. त्यांना एवढीच विनंती की तारीख, वेळ आणि मानधन या वाचकांना आधी कळवावे, आणि कार्यक्रमपत्रिका फोनवर टंकून पाठवावी. छापील पत्रिकेचे छायाचित्र पाठवले तर त्यांचा फोन ते बहुधा वाचून दाखवू शकणार नाही.